बोट लागणे
जलप्रवासात बोटीच्या हेलकाव्यांमुळे होणारा गतिजन्य विकार. जांभया, तोंडाला सुटणारे पाणी व गार घाम ही पूर्वचिन्हे. मळमळ आणि ओकारी त्यानंतर.

कारणाविषयी एकमत नाही. पूर्वी दोष बहुधा पोटाला दिला जाई. १८८१ मध्ये अर्विन या डॉक्टरांनी अंतर्कर्णाकडे, म्हणजे कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागाकडे लक्ष वेधले. गोल फिरवूनही ज्यांना चक्कर येत नाही अशा बधिरांना बोटही लागत नाही, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांना १८८२ च्या सुमारास आढळले. रीझन व ब्रँड (१९७५) यांचा संवेदनाविरोधाचा सिद्धांत आज बहुमान्य आहे : केबिनच्या भिंती डोळ्यांना स्थिर दिसतात, अंतर्कर्ण मात्र हालचाल नोंदवतो. मेंदू हा गोंधळ विषबाधा समजतो, असे ट्रीझमन (१९७७) मानतात. रिचिओ व स्टोफ्रेगन (१९९१) तोल न सावरण्याला मूळ ठरवतात. अंधांनाही बोट लागते; त्यामुळे विरोध केवळ डोळा आणि कान यांतला न मानता, सवयीने बनलेली अपेक्षा आणि प्रत्यक्ष गती यांतला मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दोन-तीन दिवसांत बहुतेकांना बोट सोसते, याचाही उलगडा त्याने होतो. सुमारे ५ सेकंदांना एक या लयीतला वर-खाली हेलकावा सर्वांत त्रासदायक.

बोटीच्या मध्यभागी, मोकळ्या हवेत बसून क्षितिजावर नजर ठेवावी. मोबाइल वा पुस्तक टाळावे. एव्होमिनसारखी ओकारी रोखणारी गोळी प्रवासापूर्वी तासभर तरी घ्यावी लागते; ओकाऱ्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. तिने झोप येते. लहान मुलांना ती डॉक्टरांना विचारूनच द्यावी. आल्याच्या पुडीने ओकारी व घाम कमी झाल्याचे डॅनिश नौदलाच्या ८० छात्रांवरील चाचणीत (१९८८) दिसले. त्या दृष्टीने घरचा आलेपाक अगदीच निराधार नव्हे.

बडोदे शहराला किनारा नाही. द्वारकेभोवतीचे ओखामंडळ मात्र बडोदे संस्थानात होते. बडोद्यातील मराठी कुटुंबांना बोटीचा अनुभव बहुधा द्वारकायात्रेत, ओखा ते बेट द्वारका या लाँचवर येई. अंतर थोडे, त्यामुळे त्रासही बेताचा. २०२४ पासून तेथे सुदर्शन सेतू आहे. मोठ्या भरती-ओहोटीच्या खंभातच्या आखातात घोघा–दहेज फेरीबोट २०१७ मध्ये सुरू झाली, पण गाळामुळे पुढे थांबली. सुरतजवळच्या हझिऱ्याहून घोघ्याला जाणारी फेरी (२०२०) सुमारे ४ तासांची असल्याने, बोट लागणाऱ्याने गोळी हझिऱ्याच्या वाटेवरच घेतलेली बरी.