मधुमेही वयस्क स्त्रिया : बीपी आणि हाडं

टाइप २ डायबेटिस असलेल्या, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बायकांमध्ये हाय बीपी आणि हाडांचा ठिसूळपणा पुष्कळदा जोडीनेच असतो, पण शुगरची फाइल वेगळी, बीपीची वेगळी, आणि हाडांची फाइल उघडते ती डायरेक्ट खुब्याचं हाड मोडल्यावर.

पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं झिजायला लागतात, हे सगळ्याच बायकांचं. टाइप २ मध्ये मात्र हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन फसवतो. घनता नॉर्मल, कधी तर जास्तच दिसते, घरचे निर्धास्त होतात, आणि तरी फ्रॅक्चरचा धोका त्याच वयाच्या डायबेटिस नसलेल्या बाईपेक्षा जास्त असतो, कारण वर्षानुवर्षं वाढलेली साखर हाडातल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाला चिकटून त्याचा लवचिकपणा घालवते, जुनं हाड काढून नवं भरायचं कामही मंदावतं आणि यातलं काहीच मशीनला दिसत नाही. स्कॅनच्या रिपोर्टातला घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोर, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं), पण डायबेटिसवाल्या बाईचा उणे २ आला तरी डॉक्टरशी औषधाचं बोलून घ्यावं. फ्रॅक्चरचा धोका काढायचं फ्रॅक्स नावाचं कॅल्क्युलेटर आहे, त्याच्या मूळ प्रश्नांत टाइप २ ला जागाच नाही, मग काही डॉक्टर त्याऐवजी रूमॅटॉइड संधिवाताच्या रकान्यात टिक करतात!

बीपी जास्त असलं की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जातं, वर मीठ जास्त असेल तर आणखी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, त्यात लोणचं-पापडसुद्धा आलं.

बीपीच्या गोळ्यांचंही सारखं नाही. क्लोरथॅलिडोनसारख्या थायाझाइड गटातल्या गोळ्या लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतात, फ्युरोसेमाइड उलट ते घालवते. पण म्हणून थायाझाइड सगळ्यांनाच चांगली असंही नाही, म्हातारपणी तिच्याने रक्तातलं सोडियम उतरून चक्कर येते, तोल जातो. शुगरच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोनने बायकांमध्ये फ्रॅक्चर वाढतात, आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनने शुगर एकदम खाली आली तर पडायची भीती.

खरा घोळ पडण्याचाच. रात्री लघवीला उठायचं, तळपाय बधिर, मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, त्यात झोपेतून ताडकन उभं राहिलं की बीपी उतरतो. तपासणी अगदी सोपी आहे, पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्यायचा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत परत, वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरला सांगायचं, गोळी मनाने बंद करायची नाही. ओपीडीत खुर्चीत बसवून एकदाच बीपी घेतात त्यात हे कळतच नाही, तेव्हा उभ्याने घ्या म्हणून आपणच म्हणावं.