हळद, ज्येष्ठमध आणि त्वचेचा दाह : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

ठाण्यात वागळे इस्टेटमधील आमच्या छोट्या कारखान्यात हळद आणि ज्येष्ठमध यांचे मलम तयार होते. हळद घरच्या डब्यात असताना मलम विकत का घ्यावे, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देताना मलमाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत.

घासल्याने, घामाने, साबणाने किंवा ॲलर्जीने त्वचेतील पेशी चेतल्या, की त्या काही रसायने सोडतात. त्यामुळे त्या जागी रक्तपुरवठा वाढतो आणि त्वचा लाल होते, गरम लागते, सुजते, खाजते. ही रसायने तयार करण्याचा इशारा पेशीतील ज्या प्रथिनांकडून मिळतो, त्यांना हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे रंगद्रव्य आवर घालते, असे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर वारंवार दिसून आले आहे. ज्येष्ठमधाचे काम वेगळे आहे. आपल्या शरीरात तयार होणारे, दाह शमवणारे कॉर्टिसॉल त्वचेत एका विकरामुळे (एन्झाइममुळे) निष्प्रभ होत असते. ज्येष्ठमधातील घटक त्या विकराला अडवतो आणि कॉर्टिसॉलचा परिणाम अधिक काळ टिकतो. मात्र पेशींवर दिसलेला गुण माणसाच्या त्वचेवर तेवढाच उतरेल असे नाही, आणि माणसांवरील बरेच अभ्यास लहान आहेत. काही ग्राहक हळदीच्या पेटंटचा दाखला देतात. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकेने १९९५ साली दिलेले पेटंट भारताच्या सीएसआयआर या सरकारी विज्ञान-संशोधन संस्थेने हरकत घेतल्यावर १९९७ साली रद्द झाले हे खरे. पण त्यातून हा वापर जुना असल्याचे सिद्ध झाले, तो किती गुणकारी आहे हे नव्हे.

आता घरच्या हळदीविषयी. हळद पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पाण्यात कालवलेल्या लेपाने अंगाला रंगच अधिक लागतो. तेला-तुपात हळद कालवण्याची आजीची पद्धत म्हणूनच शहाणपणाची होती, आणि आमच्या मलमाचा आधारही तेलच आहे. हळदीचा साबण आम्ही मुद्दाम करत नाही. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो, हे आपण पाहिलेच असेल. साबणाच्या अल्कलीत कर्क्युमिनचा रंग पालटतो आणि त्याचे विघटनही लवकर होते. शिवाय साबण काही क्षणांत धुऊन जातो, तो वेगळाच भाग.

वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, असा समज कृपया ठेवू नये. बिब्ब्याने अंगावर उठलेले फोड अनेकांच्या घरी पाहिलेले असतात, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग महिनोन्महिने राहतात. हळदीचीही क्वचित ॲलर्जी होते. म्हणून मलम प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावून पाहावे, आणि खाज किंवा लाली उमटल्यास वापर थांबवावा.

पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी ठाणे-वाशी लोकलचा प्रवास करणाऱ्यांना जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली गोल, कडेने लाल चट्टे उठतात. हा बहुधा नायटा असतो, म्हणजे बुरशीचा संसर्ग, आणि त्यावर आमचे मलम उपयोगी नाही. तिथे कोणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइडमिश्रित मलम लावणे तर अधिकच वाईट, कारण खाज दबते आणि बुरशी पसरत राहते. अशा वेळी, तसेच पू, ताप किंवा चिघळलेली त्वचा असल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. डॉक्टरांनी दिलेले औषध आमच्या मलमासाठी बंद करू नये.

मलम धुतलेल्या, कोरड्या त्वचेवर पातळ लावावे. उशीच्या अभ्र्याला पिवळा डाग पडल्यास अभ्रा धुऊन कडक उन्हात वाळत घालावा. कर्क्युमिन उजेडात विरते, त्यामुळे डाग फिका पडतो. याच कारणाने आमची ट्यूब अपारदर्शक असते, आणि मलम काचेच्या बरणीत काढून ठेवू नये.