पक्षांतरबंदीची मुळं साताऱ्याच्या खासदाराच्या कमिटीत

कराडच्या स्टँडसमोर चहाला थांबलं की हल्ली विषय एकच, कोण कुठल्या पक्षातनं कुठं गेलं. परवा एक आजोबा कप खाली ठेवत म्हणाले, "चव्हाणसाहेब असते तर हे झालं नसतं." पण खरं सांगायचं तर साहेब असतानाच हे पेव फुटलं, आणि त्यावरचा पहिला मोठा रिपोर्टही त्यांच्याच कमिटीचा आहे.

१९६७ ला यशवंतराव चव्हाण साताऱ्यातनं लोकसभेवर गेले, तेव्हा ते देशाचे गृहमंत्री होते. त्या निवडणुकीत बऱ्याच राज्यांत काँग्रेसचं बहुमत गेलं आणि आमदारांची नुसती पळापळ सुरू झाली. हरियाणात गयालाल नावाच्या आमदारानं पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, 'आयाराम गयाराम' हा शब्द तिथनंच आला. ८ डिसेंबर १९६७ ला लोकसभेनं ठराव केला की यावर कमिटी नेमा. अध्यक्ष यशवंतराव, आणि मेंबर कोण, तर जयप्रकाश नारायण, संसदपटू हृदयनाथ कुंझरू, कायदेपंडित सेटलवाड असली माणसं.

१८ फेब्रुवारी १९६९ ला रिपोर्ट संसदेत आला. १९६७ च्या आधीच्या काळात मिळून साधारण ५४२ पक्षांतरं झालेली, आणि निवडणुकीनंतरच्या एका वर्षातच ४३८. त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा आकडा, पक्ष सोडलेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपद मिळालं, म्हणजे निम्म्याहून जास्त. दुखणं खुर्चीचं आहे हे कमिटीनं बरोब्बर पकडलं. म्हणून शिफारसही तशीच केली, की पक्ष सोडणाऱ्याला वर्षभर किंवा परत निवडून येईपर्यंत मंत्री करू नका, आणि मंत्रिमंडळच छोटं ठेवा, सभागृहाच्या दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास. आमदारकी-खासदारकी सरळ काढून घ्यावी का, यावर मात्र एकमत झालं नाही.

पुढं १९७३ आणि १९७८ ला विधेयकं आली, पण एकाचाही कायदा झाला नाही. शेवटी १९८५ च्या जानेवारीत ५२ वी घटनादुरुस्ती, म्हणजे पक्ष बदलणाऱ्याची आमदारकी-खासदारकी काढून घेणारा पक्षांतरबंदी कायदा, पास झाली, पण ते बघायला साहेब नव्हते, २५ नोव्हेंबर १९८४ लाच ते गेले. आणि त्या कायद्यात एक तृतीयांश जण मिळून फुटले तर चालेल अशी पळवाट ठेवलेली, एकटा गेला तर गुन्हा आणि टोळीनं गेले तर माफ, हे मला कधीच पटलं नाही. ती पळवाट २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं बंद केली, त्याच दुरुस्तीत मंत्रिमंडळाला १५ टक्क्यांची मर्यादा आली आणि अपात्र ठरलेल्याला निवडून आल्याशिवाय मंत्रिपद नाही हेही आलं. रिपोर्टनंतर ३४ वर्षांनी! दोन तृतीयांश जण मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर पद जात नाही, ती वाट मात्र अजून उघडीच आहे.

आता हेही सांगायला पाहिजे की १९७८ ला काँग्रेस फुटली तेव्हा यशवंतराव इंदिराजींच्या विरुद्धच्या गटात होते, १९७९ ला चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले आणि १९८१ ला परत इंदिरा काँग्रेसमध्ये आले. जिल्ह्यातल्या बऱ्याच जुन्या कार्यकर्त्यांच्या मनाला ते लागलं. मला वाटतं म्हणून त्यांच्या कमिटीची किंमत कमी होत नाही, उलट हा मोह केवढा मोठा असतो तेच कळतं.

२०१९ ला साताऱ्याचे तेव्हाचे खासदार उदयनराजेंनी राष्ट्रवादी सोडली तेव्हा आधी खासदारकीचा राजीनामा दिला, मग भाजपमध्ये गेले आणि पोटनिवडणुकीला उभे राहिले. ते हरले, राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील निवडून आले. हार-जीत बाजूला ठेवा, पण पक्ष बदलायचा तर परत मतदारांपुढं जायचं, एवढं तरी साताऱ्यात झालं.