दोन मिनिटांत बसणारी नावं

आमच्या गावच्या मंडळाची वार्षिक सभा परळच्या एका शाळेच्या वर्गात भरते. गाव संगमेश्वर तालुक्यातलं, पण निम्म्याहून जास्त घरं मुंबई, डोंबिवली, नालासोपाऱ्यात. अहवाल वाचण्याआधी सरचिटणीस वर्षभरात गेलेल्यांची यादी वाचतात आणि "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या" म्हणतात. सगळे लहान मुलांच्या बाकांतून अवघडत उठतात. साधारण चाळीस सेकंदांनी पुढच्या रांगेतून "ओम शांती" येतं आणि मंडळी बसतात. मी घड्याळ लावून पाहिलंय.

ती यादी लिहायचं काम सहा वर्षं माझ्याकडे आहे. गेल्या खेपेला बारा नावं होती. त्यातल्या तिघींची नावं मला कुणी धड सांगू शकेना. "खालच्या वाडीतली काकी", "अमक्याची आई" एवढंच. एकीसाठी गावी फोन केला तर पलीकडून मावशीच विचारते, "खरंच, तिचं नाव काय हुतं रं? आम्ही तिला देवरुखकरीण म्हणायचो." माहेर देवरुखचं म्हणून देवरुखकरीण. साठ वर्षं त्या घरात नांदली. नाव शेवटी रेशनकार्डावर सापडलं.

यंदा मंडळाच्या स्मरणिकेत या यादीच्या पानाला जास्त जागा द्यायचं ठरलं, तेव्हा एकाने विचारलं की पूर्वी हे कसं करायचे. त्याचं उत्तर शोधताना जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आधी त्या दोन मिनिटांचं. ही पद्धत आपल्याकडची नव्हे. पहिलं महायुद्ध चालू असताना, मे १९१८ मध्ये, केपटाउनचे महापौर हॅरी हँड्स यांनी रोज दुपारच्या तोफेबरोबर शहर थांबवायला सुरुवात केली. ट्राम थांबायच्या, माणसं जागच्या जागी उभी राहायची. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच एप्रिलमध्ये गेला होता. पहिल्या दिवशी तीन मिनिटं शांतता पाळली, ती जास्त वाटली म्हणून लगेच दोनवर आणली. ही कल्पना लंडनला कळवली गेली आणि नोव्हेंबर १९१९ मध्ये राजा पाचव्या जॉर्जने ती साऱ्या साम्राज्याला लागू केली. आपल्याकडे आज ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता हुतात्म्यांसाठी जी दोन मिनिटं पाळतात, ती तशीच. पुढचं "ओम शांती" मात्र अस्सल आपलं.

आपल्याकडचं जुनं म्हणजे दगड. देवळाबाहेर, पाराखाली, कधी गुरांच्या गोठ्याच्या पायरीला लावलेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे स्मारकदगड, बहुतेकांनी पाहिलेले असतात. वाचायचे ते खालून वर. तळाला लढाई आणि पडलेला माणूस, त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, सगळ्यांत वर तो शिवपिंडीपुढे हात जोडून बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. वाईजवळच्या किकलीत असे वीरगळ इतके आहेत की गाव त्यांच्यासाठीच ओळखलं जातं. मुंबईत बोरिवलीच्या एकसरला सहा आहेत आणि त्यांवर चक्क गलबतांची लढाई कोरलीय. शेजारी सतीशिळा असते, तिच्यावर कोपरात वाकवलेला बांगड्यांचा हात. बाईची ओळख तेवढीच, हात आणि बांगड्या.

या दगडांवर बहुधा नाव नसतं. ज्यांनी उभे केले त्यांना ते लिहायची गरजच वाटली नसणार, कारण गावात प्रत्येकाला ठाऊक होतं हा कोण. दोन पिढ्या गेल्या आणि दगड नुसता देव झाला. शेंदूर लागला, नारळ फुटायला लागला. माणूस मात्र विसरला गेला. देवघरातल्या टाकांचंही तसंच. चांदीच्या पत्र्यावर उठवलेला घोड्यावरचा पूर्वज आजोबांचा आजोबा आहे एवढं माहीत असतं, त्यापलीकडे घोड्याचाच तपशील जास्त. आमच्याच किनाऱ्यावर अलिबागजवळ नवगावला बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची जुनी दफनभूमी आहे. गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना किनाऱ्यावर पुरलं, अशी त्यांची परंपरा सांगते. वाचलेल्यांच्या वंशजांनी गावांवरून आडनावं घेतली, नवगावकर, पेणकर, रोहेकर. बुडालेल्यांचं एकही नाव उरलं नाही.

साध्या माणसांची नावं दगडावर कोरली जाण्याचं एक जुनं आणि ठळक उदाहरण कोरेगाव भीमाचं. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तिथे स्तंभ उभारला. त्यावर कंपनीच्या फौजेतल्या ४९ मृतांची नावं आहेत आणि त्यातली २२ 'नाक' या शेवटाची, म्हणजे महार शिपायांची. गावाच्या लेखी ज्यांची सावलीही नको होती, त्यांची नावं इंग्रजाने स्वतःच्या विजयाची आठवण म्हणून का होईना कोरली. ती वाचायला आज लाखो लोक जातात. पुढच्या शतकात इंग्रज सरकारने हात आखडता घेतला. पहिल्या महायुद्धानंतर साताऱ्या-रत्नागिरीच्या खेड्यांत संगमरवरी पाट्या बसवल्या, त्यांवर मजकूर एवढाच: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतके मेले. आकडे आहेत, नावं नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून, ज्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात, ४६ जण त्या युद्धात गेले ते परतले नाहीत.

या सगळ्यांत न बसणारी एक आठवण मराठीत आहे आणि मला तीच जवळची वाटते. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि तिच्याखाली मजूर गाडले गेले. त्यांत चोखामेळा होते. साल १३३८ सांगतात. परंपरा अशी की नामदेव तिथे गेले तेव्हा ढिगाऱ्यात कुणाची हाडं कुणाची हे कळेना. मग ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती त्यांनी वेचली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर पुरली. बाकीच्या हाडांचं काय झालं, कुणी विचारत नाही. ती माणसंही कुणाची तरी होती.

त्याच्याही आधी, १२७८ च्या सुमाराला, महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी केलं ते तर आजच्या भाषेत मुलाखती घेणं. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांच्या सहवासात राहिलेल्या एकेकाकडे जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. त्याचंच लीळाचरित्र झालं. त्यात स्वामी काय जेवले, कुठे बसले, कुणाला काय बोलले हे सगळं येतं. आठवणी सांगणाऱ्यांत बायका पुष्कळ. मराठी गद्याची सुरुवात गेलेल्या माणसाच्या आठवणी टिपण्यातून झाली, हे शाळेत आम्हाला कुणी अशा शब्दांत सांगितलं नाही. नुसतं 'आद्य गद्यग्रंथ' म्हणून घोकून घेतलं.

गावात मात्र माणसाचं आयुष्य सांगण्याचं काम लिहिणाऱ्यांकडे नव्हतंच. ते बायकांकडे होतं. मयताच्या घरी हेल काढून रडणारी म्हातारी नीट ऐका. तिच्या रडण्यात सगळा वृत्तांत असतो: कुठून आली, किती पोरं गेली, दुष्काळात काय खाल्लं, दिराने कसं वागवलं. शहरातल्या लोकांना ते 'तमाशा' वाटतं, मला लहानपणी त्याची लाज वाटायची. तेच जात्यावरच्या ओवीत. आई गेल्यावर माहेर कसं परकं झालं हे बाई जात्याला सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या संशोधकांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि गाणारीचं नाव व गाव सोबत नोंदवलं.

दुसरी जागा दहाव्याची. नदीकाठी पिंड ठेवलाय, कावळे झाडावर बसलेत आणि शिवत नाहीत. मग जमलेले एकेक जण पुढे होतात. "धाकट्याचं लग्न आम्ही लावू." "बांधाचा वाद मिटवतो, तू जा सुखाने." "गाय विकणार नाही." कुणाच्या वाक्यावर कावळा उतरतो याकडे सगळ्यांचे डोळे. श्रद्धा असो-नसो, त्या अर्ध्या तासात माणसाच्या अडकलेल्या इच्छा चारचौघांत जेवढ्या मोकळ्या बोलल्या जातात तेवढ्या कुठल्याही शोकसभेत मी ऐकलेल्या नाहीत. आमच्या एका चुलत्यांच्या वेळी तास झाला तरी कावळा येईना. शेवटी त्यांचा मित्र म्हणाला, "अरे, माझे उसने घेतलेले पैसे माफ!" कावळा आला. पुढची दहा वर्षं वाडीत तोच किस्सा.

कागदावरची नोंद आली ती सरकारी गरजेपोटी. गावाच्या दप्तरात गाव नमुना नंबर १४ हे जन्ममृत्यूचं रजिस्टर, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. तारीख, नाव, जात, वय, मरणाचं कारण, सगळं एका ओळीत, बऱ्याचदा मोडीत. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली आणि तहसील कचेऱ्यांत हीच रजिस्टरं धूळ झटकून उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. शंभर वर्षांपूर्वी तापाने गेलेल्या कुण्या पोराची ओळ आज पणतूच्या दाखल्याला उपयोगी पडली. १९६९ च्या कायद्याने नोंदणी देशभर एकसारखी झाली, मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची. त्यात आयुष्याविषयी काही नसतं, आणि नसणारच. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत थोडं जास्त मिळतं. गाव आणि आडनाव सांगितलं की ते बाड काढतात आणि कोण कधी कुणाच्या अस्थी घेऊन आला होता ते वाचून दाखवतात.

छापील निधनवार्ता त्या मानाने कालची. गुजराती मुंबई समाचार १८२२ चा, मराठीतला पहिला दर्पण ६ जानेवारी १८३२ चा. मुंबईच्या गुजराती-पारशी घरांत सकाळी पेपर उघडला की आधी मरणनोंध वाचायची, ही सवय जुनीच. मराठीत सुरुवातीला मृत्युलेख मोठ्यांचेच. जून १८९५ मध्ये आगरकर गेले. सात वर्षं दोघांत विस्तव जात नव्हता, तरी टिळकांनी केसरीत त्यांच्यावर लिहिलं. ती परंपरा मोठी आहे, पण आमच्या देवरुखकरणीला तिचा उपयोग नव्हता. तिच्यासारख्यांना छापात जागा मिळाली ती दैनिकांनी गावोगाव वार्ताहर नेमले, जिल्ह्याची पानं निघाली तेव्हा. आणि जागा मिळाली ती साच्यात: अमुक यांचे अल्पशा आजाराने निधन झाले, मनमिळाऊ स्वभावामुळे परिसरात परिचित होते, त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. मी असे साचे डझनांनी भरलेत. वाडीतला सगळ्यात भांडकुदळ इसमही त्यात मनमिळाऊ होतो.

त्या साच्यात जीव फक्त नावाआधीच्या अक्षरांत. कै. लिहिलं की घर कळतं, वै. लिहिलं की माळकरी, कालकथित असलं की बौद्ध. वसईकडे ख्रिस्तवासी, मुसलमान घरात मर्हूम. बौद्ध कुटुंबांच्या पत्रिकेत तेराव्याऐवजी जलदान विधी आणि पुण्यानुमोदन असतं. १९५६ च्या धर्मांतराने मरणाची भाषाही बदलली, हे त्या छोट्या पत्रिकेवर दिसतं. बायकांचं तर विचारूच नका. सौ. होती ती नवरा गेला की रातोरात गं. भा. होते, आणि स्वतः गेली की कै. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी 'गंगाभागीरथी' वापरायचं सुचवलं तेव्हा गदारोळ झाला तो उगाच नव्हता. त्याच्या वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला होता आणि सरकारने त्याचं परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायला सांगितलं. आमच्या मंडळाच्या यादीतून गं. भा. तीन वर्षांपूर्वी गेलं. कुणी भांडलं नाही, बहुधा कुणाच्या लक्षातच आलं नाही.

२०२० आणि २०२१ ला सभा झाली नाही. अंत्यविधीला वीस माणसांची परवानगी होती. गावी न्यायचा प्रश्नच नव्हता. दहावे मोबाइलवर झाले, आणि कावळ्यासमोर बोलायचं ते कुणीच बोललं नाही. २०२२ ला दोन वर्षांची यादी एकदम वाचली तेव्हा पहिल्यांदा "ओम शांती" म्हणायला पुढून कुणाचा आवाज फुटेना. दोन मिनिटं पुरी झाली. माझी पद्धत बदलली ती तिथून. आता मी घरच्यांना फोन करून जन्मतारीख विचारत नाही. "त्यांची एखादी गोष्ट सांगा" असंही म्हणत नाही, कारण तसं विचारलं की सगळे मनमिळाऊवर येतात. मी विचारतो, ते गेल्यावर कुठलं काम अडलं?

यंदा एका आजोबांबद्दल उत्तर मिळालं ते असं. मृगाची पहिली झड आली की ते वाडीतल्या बंद घरांच्या ओट्यांवरून फिरायचे, कुठे कौल सरकलंय ते बघायचे आणि रात्री मुंबईला एकेकाला फोन करायचे: तुझ्या माजघरात पाणी पडतंय, माणूस पाठवतो, पैसे पाठव. सव्वीस बंद घरं होती त्यांच्या फेरीत. एवढंच मी लिहिलं, सभेत तेवढंच वाचलं गेलं. सगळे उभे राहिले, बसले. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "आता कौलं कोण बघणार?" खजिनदाराने मान वर न करता तो प्रश्न ऐनवेळच्या विषयांत लिहून घेतला.