प्रीमियर पद्मिनी गाडीचा सायलेन्सर बसवताना : नट आवळायच्या आधी एवढं वाचा

हे पत्रक पार्सलमध्ये टाकतोय कारण आठवड्यातून एक तरी फोन येतो, "तुमचा पाईप इंचभर आखूड आलाय". आखूड नसतो हो. तुमचा जुना पाईप पट्ट्यावर ठेवून, त्याच्यावरून बेंड मारून, जिगवर (मापाच्या साच्यावर) लावून बघूनच माल बाहेर पडतो. मग आम्ही विचारतो की पुढच्या फ्लॅंजचे (पाईपच्या टोकाच्या, नट लावायच्या चकतीचे) नट आवळलेत का, उत्तर असतं "हो तर, फुल टाईट". तिथंच सगळं बिघडतं.

म्हणजे होतं असं, की माणूस पुढून सुरुवात करतो, मॅनिफोल्डला (इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या भागाला) डाऊन पाईप, म्हणजे पुढचा पाईप, लावला की पाना घेऊन जीव खाऊन आवळतो, मग सायलेन्सरचा डबा, मग टेल पाईप, म्हणजे शेपटाचा पाईप, आणि मागे पोचेपर्यंत पुढचा एखादा अंशाचा फरक मागे दोन बोटं झालेला असतो. मग पाईप हाताने ओढून, पहारीने रेटून हँगरच्या (पाईप गाडीखाली लटकवून धरणाऱ्या कडीच्या) रबरात घालायचा. बसतो तसा. पण इंजिन रबर माऊंटिंगवर असतं, रेस दिली की डुलतं, आणि ताणून बसवलेल्या पाईपचा सगळा ताण फ्लॅंजच्या वेल्डवर येतो. महिन्या-दोन महिन्यात तिथं केसाएवढी चीर, फटफट आवाज, आणि आमच्या नावानं शंख.

तेव्हा आधी सगळी लाईन हातटाईट लावा. पुढचे नट, डब्याचे दोन्ही जॉईंट, यू क्लॅम्प, हँगर, सगळं नुसतं लटकवा. आमचे जॉईंट एकात एक सरकणारे आहेत ते याचसाठी, आत-बाहेर करून, फिरवून पाईप आपोआप लायनीत येतो. बरेच मेकॅनिक म्हणतात "वेल्डिंग करून का नाही पाठवत, क्लॅम्पची कटकट कशाला", तर वेल्डिंग केलं की हे सरकणं संपलं, आणि पुढच्या वेळी डबा बदलायला कटर लागणार. लाईन सरळ झाली की मग पुढून मागे, फ्लॅंजचे नट आलटूनपालटून थोडे थोडे आवळत या. इंजिन माऊंटिंगचं रबर दबून खाली बसलेलं असेल तर आधी ते बदला, नाहीतर पाईप खाली बसलेल्या इंजिनाच्या मापाने लागतो आणि नंतर सगळं परत सोडावं लागतं.

अजून एक, गाडी बॉडीला जॅक लावून फिटिंग करू नका. मागचा अ‍ॅक्सल लीफ स्प्रिंगवर खाली लोंबतो आणि पाईपला भरपूर जागा दिसते. गाडी चाकांवर उतरली, मागे तीन माणसं आणि डिकीत सामान आलं की रस्त्यावरच्या खड्ड्यात पाईपला ठोका बसतो. पाईपवर एकाच जागी घासून चकचकीत झालेलं दिसलं तर समजा हेच झालंय. गॅरेजमधल्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर, चाकांवर वजन ठेवून बसवा, आणि आजूबाजूला दोन बोटं तरी जागा ठेवा.

गास्केट (जॉईंटमधलं पॅकिंग) जुनं परत लावू नका, आमच्या किटमध्ये नवीन आहे, पितळी नटही आहेत, ते गंजून धरत नाहीत. गंजलेल्या स्टडवर (ज्या आटेवाल्या दांडीवर नट बसतो तिच्यावर) आदल्या दिवशीच गंजतेल मारून ठेवा, तुटलेला स्टड काढायला अख्खा दिवस जातो. मॅनिफोल्डला लाल सिलिकॉन फासू नका, जळून जातं.

पहिल्यांदा चालू केल्यावर धूर येणार, तो तेलाचा आणि रंगाचा, घाबरू नका. टेल पाईपमधून पाणी टपकलं तरी घाबरू नका, एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. डबा आतून सडतो तो यानेच. गाडी रोज पाच मिनिटं नुसती चालू करून बंद करणाऱ्यांचा डबा सगळ्यात आधी जातो, त्यापेक्षा आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. शंभरेक किलोमीटर झाले की थंड गाडीवर सगळे नट एकदा बघा. आणि फटफट आवाज गाडीच्या खालून येत असेल तर "नंतर बघू" करू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, काचा बंद असतील तर कळत पण नाही. शटर लावलेल्या गॅरेजमध्ये तर इंजिन चालूच करू नका.

स्टेनलेसमध्ये मागतात त्यांना तेही करून देतो, गंजत नाही पण आवाज जरा पातळ येतो, मूळ पद्मिनीचा घुमणारा आवाज पाहिजे असेल तर आमचा १६ गेज जाडीचा साधा माईल्ड स्टीलचा पाईप घ्या असंच सांगतो, जरी त्यात आम्हाला कमी सुटतात.

मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या तोवर हा माल कुठंही मिळायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या, आता एकेक पीस हाताने करावा लागतो, म्हणून चार दिवस मागतो. ऑर्डर देताना फोटोवर माप पाठवू नका, त्यात बेंडचा कोन कळत नाही. जुना पाईप कितीही सडलेला असला, दोन तुकडे झाले असले तरी भंगारात घालू नका, गोणपाटात गुंडाळून तसाच आमच्याकडे पाठवा.