टॅपेट कव्हरवरचे दोन नट : जुन्या शेव्हरोले पिकअपच्या इंजिनाची ओळख

जुन्या शेव्हरोले पिकअपचं बोनेट उघडलं की एका रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन दिसतं. ते कोणतं हे कळेपर्यंत गाडी हायवेला काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

या घराण्याची सुरुवात 1929 च्या मॉडेलपासून. फोर्ड चार सिलिंडर देत असताना शेव्हरोलेने त्याच किमतीच्या आसपास सहा दिले, 194 घनइंचांचे (सहाही सिलिंडरांचं मिळून घनफळ). खाचेचे बोल्ट स्टोव्हच्या बोल्टसारखे दिसत, म्हणून नाव पडलं ‘स्टोव्हबोल्ट’. पुढे टोयोटाने आपलं पहिलं इंजिन बेतलं तेही यावरूनच.

1937 मध्ये 216 घनइंचांचं इंजिन आलं आणि पिकअपमध्ये ते 1953 पर्यंत टिकलं. यात कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगला दाबाने तेल जात नसे. रॉडच्या खालच्या टोकाला छोट्या पळ्या असत आणि त्या फिरताना तेल उचलत. बेअरिंगही बॅबिट या मऊ मिश्रधातूचं, ओतीव. संथ चालीला हे इंजिन वर्षानुवर्षं साथ देतं, सतत वेगात पळवलं की बेअरिंग जातं. 235 घनइंचांचं इंजिन 1941 पासून मोठ्या ट्रकांत होतं, पण पळ्या त्यातही होत्या. म्हणून नुसतं ‘235 आहे’ एवढं ऐकून निर्धास्त होऊ नये. ट्रकच्या 235 ला पूर्ण दाबाचं वंगण आणि बदलता येणारी बेअरिंग मिळाली ती 1954 मध्ये.

हा फरक बाहेरूनही बराचसा वाचता येतो. 216 चं टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हच्या यंत्रणेवरचं वरचं झाकण) माथ्यावरच्या दोन नटांनी धरलेलं असतं आणि बाजूचं पुशरॉड कव्हर (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांवरचं झाकण) ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव ठोकळा, ओलांडून स्पार्क प्लगपर्यंत चढतं. नंतरच्या 235 मध्ये ते ब्लॉकपुरतंच असतं, आणि टॅपेट कव्हर बहुधा कडेच्या चार स्क्रूंनी बसतं. तरी कव्हरवर भिस्त ठेवू नये, कारण ते बदललेलं असू शकतं. आणि 216 च्या जागी 235 सहज बसत असल्याने अनेकांनी इंजिनच बदललं आहे.

खरी साक्ष ब्लॉकवर ओततानाच उमटवलेल्या कास्टिंग नंबरची. तिथेच ओतल्याची तारीख असते : महिन्यासाठी ए ते एल अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. तो 3 निघाला तर 1943 की 1953, हे पुन्हा त्या कव्हरांवरून आणि नंबरवरूनच ताडावं लागतं.