दोन चित्रांतले दोन टिडी डॉल

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर डोळे मिटून चाललं तरी फुटाणे कुठे आणि भजी कुठे, हे नुसत्या हाकांवरून कळतं. गेल्या संक्रांतीला तिथल्या फुटाणेवाल्या काकांना नाव विचारलं, तर ते म्हणाले, ‘फुटाणेवालेच म्हणा की!’

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये एका विक्रेत्याची हाकच त्याचं नाव होऊन बसली होती. तो जिंजरब्रेड विकायचा. जिंजरब्रेड म्हणजे सुंठ आणि काकवी घालून भाजलेली खमंग वडी. ती साच्यात घालून तिचे आकार करायचे, कधी वर सोनेरी वर्ख लावायचे. हेमार्केट भागात हा जरीचा कोट, पिसांची टोपी, पांढरे रेशमी मोजे आणि पुढे स्वच्छ ॲप्रन अशा थाटात उभा राहायचा. हाकेच्या शेवटी एका गाण्याचं ‘टिडी-टिडी-डॉल’ असं पालुपद जोडायचा, म्हणून तो टिडी डॉल. एकदा तो बाहेरगावच्या जत्रेला गेला आणि नेहमीच्या जागी दिसला नाही, तेव्हा त्याच्या खुनाची खोटी हकिकत छापून लोकांनी हजारो प्रती खपवल्या, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. एक वडी विकणारा माणूस दिसेनासा झाला आणि अख्ख्या शहराला चुकचुकल्यासारखं झालं!

टिडी डॉल या नावाशी जोडलेली दोन जुनी चित्रं आहेत, आणि दोन्हींत हाच माणूस असेल असं सहज वाटतं. मलाही वाटलं होतं.

विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराच्या 1747 च्या चित्रात तो खराखुरा आहे. टायबर्नला फाशी बघायला लोटलेल्या गर्दीत, डाव्या हातात जिंजरब्रेड उंच धरून आणि उजवा हात कोटात खुपसून तो लोकांना हाका मारतोय.

जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराच्या 1806 च्या चित्रात मात्र ॲप्रन बांधून उभा आहे तो नेपोलियन. ऑस्टरलिट्झची लढाई जिंकल्यावर त्याच्या आशीर्वादानं बव्हेरिया आणि व्यूर्टेमबर्ग या जर्मन राज्यांचे सत्ताधीश राजे झाले होते. म्हणून गिलरेनं त्याला भट्टीतून जिंजरब्रेडचे ताजे राजे काढताना दाखवलंय. मागे त्याचा मंत्री तालेरां कणीक मळतोय.

ओळखायचं तर हातांकडे बघा. होगार्थच्या माणसाच्या हातात विकायची वडी आहे आणि समोर गिऱ्हाईक. गिलरेच्या माणसाच्या हातात लांब दांड्याचं फावडं आहे आणि तोंड भट्टीकडे.

दोन चित्रांत 59 वर्षांचं अंतर. तरी गिलरेनं मथळ्यात नेपोलियनला थेट ‘टिडी डॉल, थोर फ्रेंच जिंजरब्रेडवाला’ म्हटलं, मूळ टिडी डॉल कोण हे सांगितलं नाही. भट्टीच्या खाली मोडक्या जिंजरब्रेडचा ढीग पडलाय. ती नेपोलियननं मोडलेली राज्यं.